चेअरमनांचा कोरा चहा

मामंजी सकाळी सकाळी दारू पितात, ही बातमी मला आमच्याच गोठ्यात कळली.

लग्न होऊन मी चिखलग्याला आले, त्याला तेव्हा जेमतेम वर्ष होत आलं होतं. म्हशींना माझी आणि मला म्हशींची अजून नीटशी सवय झाली नव्हती. मी वैरणीची पेंढी सोडत होते, तेवढ्यात शेजारच्या सुलाकाकू दबक्या पावलांनी आत आल्या. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या कानाशी लागल्या.

"शलाका, एक सांगू? मनाला लावून घिऊ नगंस."

"काय झालं काकू?"

"तुजं मामंजी डेअरीत थर्मास घिऊन जात्यात न्हवं?"

"हो, जातात की."

"त्यात रम असती म्हनं. आमच्या ह्यांनी सोत्ताच्या डोळ्यांनी बगितलं. टोपनात वतली, तांबडी-काळी, डोळं मिटून प्याली. वर तोंड बी वाकडं केलं!"

तोंड वाकडं केलं, एवढं मात्र खरं असणार. मला हसू आवरेना. पेंढी तशीच टाकून मी गव्हाणीला टेकले.

"अहो काकू, तो चहा आहे! बिनदुधाचा. साखरसुद्धा नाही त्यात."

मला वाटलं, काकू सुटकेचा श्वास टाकतील. झालं उलटंच. दारू म्हणताना त्यांचे डोळे जेवढे मोठे झाले नव्हते, तेवढे आता झाले.

"बिनदुधाचा? चेअरमन? अगं बाई बाई! ह्ये कुनाला सांगू नगंस."

मी सांगितलं नाही. पण काकूंच्या तोंडात तीळ भिजत नसे. दिवेलागणीपर्यंत गावभर झालं.

आता यात एवढं आकाश कोसळण्यासारखं काय होतं, ते आमच्या भागात राहिल्याशिवाय कळायचं नाही. मामंजी, म्हणजे बळवंत खोत, गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. संस्था त्यांनीच काढलेली. तरुणपणी सायकलला दोन्हीकडं कॅन बांधून ते गावाचं दूध पार कोल्हापुरापर्यंत पोचवत. त्या सायकलीपासून दूध थंड ठेवायच्या मोठ्या टाकीपर्यंत सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत झालेलं. आणि आमच्याकडचा चहा म्हणजे म्हशीचं दूध आटवायचं आणि त्याला चहाची ओळख करून द्यायची. पाणी घातलंच तर ते पाहुण्याला कळता कामा नये. अशा गावात चेअरमननं बिनदुधाचा चहा प्यायचा, म्हणजे सोनारानं बायकोला पितळेच्या बांगड्या घालण्यापैकी होतं.

पण मामंजींचाही नाइलाज होता. दिवाळी झाली आणि एका सकाळी दूध संकलन चालू असतानाच त्यांच्या छातीत कळ आली. कोल्हापूरला नेलं, रक्तवाहिनीत स्टेंट बसवला, जिवावरचं बोटावर निभावलं. घरी सोडताना डॉक्टर मगदूमांनी साय, लोणी, साखर, तंबाखू अशी एकेक करून सगळी दारं बंद केली. मामंजी निमूट ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"आन चहा?"

"चहा घ्या की. दोन-तीन कप. पण तुमचा तो बासुंदीसारखा नव्हे. कोरा घ्या, बिनसाखरेचा. चहाच्या पानात हृदयाला बरी अशी द्रव्यं असतात."

तिथं मला राहवलं नाही. मी अन्नशास्त्रात एम. एस्सी. केलेलं आणि माझा प्रबंधच चहावर होता. सासरी आल्यापासून त्या प्रबंधाबद्दल मला कुणी चकार शब्द विचारला नव्हता. मी कॅटेचिन म्हटलं, थिआफ्लेविन म्हटलं, डॉक्टरांशी चार वाक्यं इंग्रजीत बोलले. मामंजी एकदा माझ्या तोंडाकडं आणि एकदा डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत राहिले.

परतताना गाडीत ते म्हणाले, "ती मगाशी काय काय नावं घेतलीस, ती आता मराठीत सांग."

मी सांगितलं. हिरव्या पानात काही द्रव्यं असतात. पान मळून, आंबवून काळं करताना त्यांची दुसरी द्रव्यं होतात, चहाला तांबूस रंग येतो तो त्यांचाच. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर त्यांच्यामुळं जरा सैल पडतं, रक्ताला वाट मिळते. वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरतं. आतला दाहही कमी होत असावा, पण त्यावर अजून संशोधन चालू आहे.

"आन दूध घातलं तर?"

"काही जण म्हणतात, दुधातली प्रथिनं त्या द्रव्यांना धरून ठेवतात, मग गुण कमी येतो. काही जण म्हणतात, काही फरक पडत नाही."

"म्हंजे तुमच्यात बी दोन पार्ट्या हैत!" मामंजी खूश झाले. "एकदम दूध संस्थेवानीच की!"

"पण मामंजी, साय आणि साखर नको, यावर सगळ्यांचं एकमत आहे. आणि चहा म्हणजे औषध नव्हे. गोळ्या चुकवायच्या नाहीत."

"तू म्हनशील तसं," ते म्हणाले, आणि खरंच शब्दाला जागले.

बधल्या नाहीत त्या आत्याबाई. सासरे तयार झाले, पण सासूबाईंनी चुलीपुढं पदर खोचला.

"माज्या घरात कोरा चहा शिजायचा न्हाई!"

"आत्याबाई, डॉक्टरांनीच—"

"डाक्टर गेला खड्ड्यात! दावनीला म्हशी हुब्या हैत आन मी नवऱ्याला कोरा चहा देऊ? लोक तोंडात श्यान घालतील माज्या."

नवऱ्याच्या तब्येतीची त्यांना काळजी नव्हती असं नव्हे. दवाखान्यात त्या पंढरीनाथापासून आडोशाच्या म्हसोबापर्यंत सगळ्यांना नवस बोलल्या होत्या. तेल कमी केलं, मीठ कमी केलं, तुपाची बरणी स्वतःच्या हातानं वरच्या फळीवर ठेवली. अडून बसल्या त्या फक्त चहापाशी. मी कोरा चहा करून ठेवायची आणि पाठ वळली की त्यात दुधाची धार पडायची. वर साय तरंगत असायची आणि आत्याबाई भाकरी थापण्यात गर्क असायच्या.

एक दिवस मी त्यांना गोठ्यातच गाठलं. त्यांची लाडकी म्हैस, चांदी, चार दिवसांपूर्वीच कासदाहातून उठली होती.

"आत्याबाई, चांदीची कास सुजली होती तेव्हा काय झालं होतं?"

"काय हुयाचं? कास तापली, लाल झाली, आतनं गुठळ्या याला लागल्या. सड बंद पडायची पाळी आलती."

"मामंजींच्या काळजाच्या नळीला आतून तसंच झालं होतं. तोच दाह. आपल्याला बाहेरून दिसत नाही, एवढंच."

त्यांचा चांदीच्या पाठीवरून फिरणारा हात थांबला.

"आन त्यो चहा त्येला औशद?"

"औषध डॉक्टरांच्या गोळ्या. चहा आपला कोमट पाण्यानं कास धुण्यासारखा. बरं वाटतं, मदत होते. त्यात साय आणि साखर गेली तर धुतल्या कासेला पुन्हा चिखल."

आत्याबाईंनी वाकून चांदीची कास चाचपून बघितली. मग म्हणाल्या, "देतो. पन पेल्यात देनार. कपात न्हाई."

पेला म्हणजे स्टीलचा. वरून बघणाऱ्याला आत काय आहे ते दिसत नाही. कुणी आलं की त्या पेल्यावर ताटलीही झाकायच्या. माझ्या मनात आलं, काय हा म्हशींचा अभिमान! तेवढ्यावर तह झाला म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला आणि मामंजींना डेअरीत न्यायला थर्मास भरून द्यायला लागले. सुलाकाकूंच्या यजमानांना दिसली ती त्यातलीच रम.

दारूची अफवा परवडली असती. दारू पिणारे चेअरमन गावानं पूर्वीही बघितले होते. पण आता संस्थेच्या दारात भलतंच कुजबुजायला लागलं. चेअरमन दूध का टाळतात? त्यांना आतलं काही माहीत असणार. टाकीत पावडर तर घालत नाहीत? सोडा तर नाही?

हे कुजबुजणं तापत ठेवायचं काम रंगराव चौगल्यानं मनापासून केलं. रंगराव संचालक मंडळातला विरोधी गट. गटात तो एकटाच, पण आवाज चौघांचा. बरीच वर्षं त्याचा डोळा त्या खुर्चीवर होता. दुधाचा भाव वाढवून मागितला, मामंजींनी वाढवून दिला. काट्यावर संशय घेतला, मामंजींनी काटा नवा आणला. त्याच्या हाताला काही लागतच नव्हतं. आता आयता थर्मास लागला.

"हलवायाला सोत्ताचीच बासुंदी चालंना झाली, का?" असं तो भर चौकात विचारायचा. हसता हसता काही घरांनी दूध शेजारच्या गावच्या डेअरीत घालायला सुरुवातही केली. संध्याकाळी टाकी पूर्वीसारखी भरेना. मामंजी घरी यायचे ते गप्प. जेवणात लक्ष नाही, कुणाशी बोलणं नाही. छातीत कळ आली तेव्हासुद्धा मी त्यांना इतकं उतरलेलं बघितलं नव्हतं.

वार्षिक सभा तोंडावर आली. रंगराव राजीनामा मागणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सभेच्या आदल्या संध्याकाळी मामंजी कट्ट्यावर बसले होते. मी जवळ गेले.

"मामंजी, उद्या दुधाचा चहा घ्या. सगळ्यांसमोर घ्या. एका कपानं काही होत नाही, मी सांगते."

"तू सांगतीस?"

"मीच सांगते. संस्था तुमच्या घामाची आहे. एका चहापायी घालवायची का?"

"ही काय म्हनती?" त्यांनी स्वयंपाकघराकडं मान वळवली.

"आत्याबाईही तेच म्हणतात. प्याच म्हणतात."

मामंजी कितीतरी दिवसांनी हसले. "तिला तसंच वाटनार," ते म्हणाले, आणि उठून म्हशींना पाणी दाखवायला गेले. मला काही उमगलं नाही.

सभा शाळेच्या पटांगणात होती. एरवी सभेला बायका येत नसत. त्या दिवशी मात्र सगळ्या आल्या, कारण सिनेमापेक्षा हे बरं होतं. आत्याबाई स्वतः सभासद होत्या, त्यामुळं आम्ही पुढंच बसलो. अहवाल वाचून झाला, जमाखर्च झाला, ते कुणी ऐकलं नाही. मग रंगराव उठला. त्यानं सगळी तयारी केली होती. संस्थेचंच दूध, तिथंच स्टोव्हवर आटवलेला चहा, कपावर जाड साय. तो कप त्यानं बशीसकट मामंजींच्या टेबलावर ठेवला.

"आमचं लई मागनं न्हाई," तो माईक न घेताच गरजला. "संस्थेचं दूध चांगलं आसंल तर चेअरमननी ह्यो कप सगळ्यांच्या म्होरं प्यावा. मी गप खाली बसतो. प्यायचा नसंल तर खुर्ची सोडावी. दुधावर इस्वास न्हाई त्यो मानूस दूध संस्थेचा चेअरमन कसा?"

टाळ्या पडल्या. पुष्कळ पडल्या. शेजारी आत्याबाई पदराचं टोक पिळत होत्या आणि ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या, "प्या वो. प्या एकदाचं. प्या."

मामंजी उठले. त्यांनी कप उचलला, वास घेतला.

"झ्याक झालाय," ते म्हणाले. "रंगराव, हे दूध कुनाकुनाचं?"

"सगळ्या गावाचं. टाकीतलं हाय."

"म्हंजे तुज्या म्हशीचं बी हाय ह्यात."

"हाय की!"

"मग दूध वंगाळ म्हनाय तुजी जीब कशी रेटली? तूच पी ह्यो." त्यांनी कप रंगरावापुढं सरकवला. हशा उसळला. रंगरावानं कपाकडं बघितलं, लोकांकडं बघितलं आणि नाही म्हणायची सोय उरली नाही असं दिसल्यावर प्याला बिचारा. वरची साय मिशीला लागली.

"आता माजं ऐका," मामंजी म्हणाले. "दूध चांगलं हाय. बिगाडलीया ती माज्या काळजाची नळी. डाक्टरनी साय-साखर बंद केली, सुनंनं त्येचं शास्तर समजावलं, म्हनून मी कोरा चहा पितो. लपूनछपून पीत हुतो, ते चुकलं. चोरून पिन्याजोगं काय न्हवतं त्यात."

ते थांबले. मला वाटलं, झालं. पण ते बायकांच्या बाजूला बघत होते.

"कोरा चहा मी आज पयल्यांदा पीत न्हाई. हिला बगाया गेलतो तवा बी प्यालो हुतो. बावड्याच्या पल्याड, डोंगरात घर. दूध न्हवतं घरात. हिच्या बानं शेजारनं उसनं आनलं, ते चुलीवर नासलं. म्हातारा नुसता थरथर कापत हुता. शेवटाला कोराच चहा आला. माज्यासंगं आलेल्या पाव्हन्यांनी एक घोट घेतला आन कप खाली ठिवलं. आमच्या मामांनी तर उठायची खूण केली. म्या कप रिकामा केला. आन म्हनलं, आनि एक कप मिळंल का?"

मागची माणसं ऐकायला पुढं सरकली.

"त्या चहानं मला ही बायको दिली. माज्या सायकलीचं कॅन हिनं धुतल्यात, म्हशी हिनं राखल्यात, ही संस्था निम्मी हिची हाय. तवा कोरा चहा म्हंजे कमीपना, असं ह्या गावात कुनी माज्या म्होरं बोलायचं न्हाई. खुर्चीचं म्हनाल तर खुशाल घ्या. ज्याला ती काडून घ्याची हाय, त्येनं हात वर करावा."

मी वळून आत्याबाईंकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या पुसतही नव्हत्या. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हशींचा अभिमान कसला आणि लोकांची भीती कसली! बापाच्या घरातली ती दुपार या बाईनं इतकी वर्षं स्टीलच्या पेल्यात झाकून ठेवली होती. आपल्या घरी पुन्हा कधी कोरा चहा उकळणार नाही, हे तिनं त्याच दिवशी ठरवलं असणार. नवऱ्याशी तिनं हा विषय कधी काढला नाही, नवऱ्यानंही काढला नाही. दोघंही एकमेकांची लाज राखत बसली होती. मी त्यांचा हात धरला.

हात कुणी वर केला नाही. रंगरावाचा थोडासा उठला होता, तो त्यानं मिशी पुसायला वापरला. मागून कुणीतरी ओरडलं, "चेअरमन, आमाला बी द्या की तुमचा चहा!" आणि सभा हसत हसत उठली. दुसऱ्या दिवसापासून गेलेलं दूध परत यायला लागलं.

मामंजी पुढंही पुष्कळ वर्षं चेअरमन राहिले. आता ऐंशी ओलांडली आहे, आणि खुर्ची सोडली ती आपण होऊन. याचं श्रेय चहाला द्यायचं, गोळ्यांना, का रोज माळावर मारतात त्या फेरीला, हे माझ्या प्रबंधाची शपथ घेऊनही मला सांगता येणार नाही. पण त्या दिवशी घरी परततानाचं एक बोलणं मात्र मला शब्दन् शब्द आठवतं.

ऊन उतरलं होतं. दोघं पुढं चालली होती, मी मागं. आत्याबाई नेहमी त्यांच्या चार पावलं मागं चालायच्या, आज बरोबरीनं चालत होत्या. ओढा ओलांडल्यावर त्या म्हणाल्या, "एक इचारू?"

"इचार की."

"त्यो दुसरा कप का मागितलासा? माज्या बाचं मन राखाया?"

"मन राखाया?" मामंजी मधेच थांबले. "अगं, लई कडू हुता त्यो चहा! जहर नुसतं. खरं पयला कप घिऊन तू मान खाली घालून आलीस आन तशीच आत गेलीस. निस्ता भांग दिसला. म्हनलं, आनि एक मागावा, बगू मान वर करती का."

आत्याबाईंनी डोईवरचा पदर सारखा केला. मग हळूच म्हणाल्या, "केली हुती का मी?"

"केलीस की," मामंजी म्हणाले. "न्हाईतर मी तिसरा मागनार हुतो."